मे महिन्यातली बाग: मुलांना खेळण्यांवर सोडण्याआधी

उन्हाळी सुट्टीत बागेत जायचं ठरलं की घरात चर्चा रंगते ती कोणती बाग, गाड्या किती आणि खायला काय न्यायचं याची. किती वाजता निघायचं हा प्रश्न मात्र ‘ऊन उतरलं की’ एवढ्यावर निकालात निघतो. सगळी सहल पाण्यात जाते ती नेमकी इथे.

ऊन उतरलं म्हणजे हवा जरा सुसह्य झाली. जमीन, लोखंड आणि रबर थंड झालं असा त्याचा अर्थ नाही. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे संध्याकाळी पाचला तो अजून दोन तास वर असतो, शिवाय तिरपा. ज्या घसरगुंडीचं तोंड पश्चिमेला आहे तिच्यावर दुपारभर नसेल एवढं थेट ऊन तेव्हा येतं. पत्र्याची घसरगुंडी सावलीत गेली की लवकर निवते. काळी-लाल रबरी फरशी आणि तिच्या खालचं काँक्रीट मात्र दिवसभर प्यायलेली उष्णता अंधार पडेपर्यंत सोडत बसतात. अनवाणी मूल एक पाय उचलून नाचायला लागतं ते तिथेच.

त्यामुळे मे महिन्यात बाग सकाळचीच. पुण्यात सव्वासहा ते पावणेनऊ हे अडीच तास उत्तम. नागपूर-अमरावतीकडे सूर्य साडेपाचच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे तिथे पावणेसहाला पोचून आठला गाशा गुंडाळलेला बरा. मुंबई-कोकणात पारा तेहेतीस-चौतीसच्या पुढे फारसा जात नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. मुलं तिथे कोरड्या उन्हापेक्षा लवकर गळून जातात आणि पालकांना वाटतं, ‘आज काही एवढं गरम नाही!’

संध्याकाळचा बेत टाळायचं आणखी एक कारण पश्चिम महाराष्ट्रात आहे: वळीव. मे महिन्यात दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान ढग भरून येतात, आधी धूळ उडते, मग विजा. पहिला गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवायचा. एकाकी मोठ्या झाडाखाली आणि लोखंडी खेळण्यांजवळ थांबायचं नाही. गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. पत्र्याची नुसती शेड विजेपासून वाचवत नाही, पावसापासून वाचवते इतकंच.

निघण्यापूर्वी बागेची वेळ आणि सुट्टीचा वार बघून घ्या. पुणे महापालिकेच्या बऱ्याच उद्यानांना दुपारी कुलूप असतं. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात लहान मुलांनाच सोडतात, म्हणजे बाबांनी ‘मीही येतो वरती’ असं आधीच कबूल करून ठेवू नये. पेशवे उद्यानातली फुलराणी १९५६ पासून धावते आहे, पण सुट्टीतल्या रविवारी तिच्या रांगेत जेवढा वेळ जातो तेवढ्यात शेजारच्या मोकळ्या जागेत दोन डाव होतात. मंगळवार ते गुरुवार सकाळ साधली तर रांग हा विषयच उरत नाही.

आधी जमीन बघा, मग खेळणी

बाग निवडताना रंगीत खेळणी किती आहेत हे मोजू नका. ती कशावर उभी आहेत ते बघा. बागेतल्या बहुतेक गंभीर दुखापती पडल्यामुळे होतात आणि पडणं किती महागात जाईल हे खालची जमीन ठरवते.

अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत ४ फुटांपर्यंतच्या खेळण्याखाली ९ इंच भुसभुशीत वाळू सांगितली आहे. ९ इंच म्हणजे बरोबर एक वीत. आपल्याकडच्या वाळूच्या हौदांत उन्हाळ्यापर्यंत दोन-तीन इंच उरलेली असते, तीही पायांनी चेपून घट्ट झालेली. तपासायला वीतभर काटकी घ्या आणि झोपाळ्याखाली, घसरगुंडीच्या शेवटी खुपसा. निम्म्यावर अडकली तर खाली टणक जमीन आहे असं समजा आणि त्या खेळण्याच्या वरच्या मजल्यावर लहानग्याला पाठवू नका. काटकी नेमकी तिथेच खुपसायची, कारण जिथे मुलं सर्वात जास्त पडतात तिथलीच वाळू पायांनी उडून सर्वात आधी संपते. हौदाच्या कोपऱ्यात मात्र ढीग असतो. पाच मिनिटं पायाने ओढून ती वाळू मध्ये आणली तरी बराच फरक पडतो.

हिरवळ दिसायला मऊ असते. मे महिन्यात तिच्या खालची माती विटेइतकी कडक झालेली असते, आणि त्या मार्गदर्शिकेत गवत व चोपलेली माती हे पडण्यापासून वाचवणारे पृष्ठभाग म्हणून धरलेलेच नाहीत. रबरी टाइल बऱ्या, पण जाडी बघा. एखादा सुटलेला कोपरा उचलून पाहिला की कळतं. इंचभर जाडीची टाइल पुरुषभर उंचीवरून पडणाऱ्या मुलाला फारसं वाचवत नाही. आणि असे उचकटलेले कोपरे धावणाऱ्या पायांत अडकतात ते वेगळंच. वाळू असेल तर मुलं बसण्याआधी एक फेरी मारा: काचा, बाटल्यांची झाकणं, कुत्र्या-मांजरांची घाण. वाळूत खेळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू द्यायचा नाही. सॅनिटायझर इथे चालत नाही, मातकट हातांवर तो नुसता चिखल करतो.

घसरगुंडी

साधं दिसणारं, पण सर्वात जास्त बारकावे असलेलं खेळणं हेच.

चटका तपासायचा तो तळहाताने नाही. आपला तळहात तव्या-पातेल्यांना सरावलेला असतो. हाताची मागची बाजू घसरगुंडीच्या मधोमध पाच सेकंद टेकवून ठेवा. ठेवता आली नाही तर मुलाच्या मांड्याही तिथे टिकणार नाहीत. साठ अंशांच्या आसपास तापलेला पत्रा लहान मुलाची त्वचा काही सेकंदांत पोळवतो, आणि दोन-तीन वर्षांचं मूल चटका बसला तर उठून पळत नाही, तिथेच बसून रडतं. म्हणून पोळतं. बाटलीभर पाणी ओतून पत्रा गार करायची युक्ती अनेकजण करतात. पत्रा गार होतो, पण ओल्या पत्र्यावरून मूल नेहमीपेक्षा जोरात सुटतं आणि शेवटी पायांवर न उतरता पाठीवर आपटतं. पाणी ओतलंच तर कोरड्या फडक्याने पुसून मगच मूल सोडा.

हल्लीच्या बागांतल्या रंगीत घसरगुंड्या बहुतेक फायबरच्या असतात. वरचा चकचकीत थर उन्हापावसात तडकतो आणि आतले काचेचे तंतू उघडे पडतात. रंग उडून पांढुरका, खरखरीत पट्टा दिसला तर तिथून घसरलेलं मूल संध्याकाळभर मांड्या खाजवत बसेल. असं झालं तर चोळायचं नाही, तंतू आणखी आत जातात. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलायची, मग वाहत्या गार पाण्याने धुवायचं आणि ते कपडे वेगळे धुवायचे.

आता सर्वात चुकीची आणि सर्वात प्रेमाने केली जाणारी गोष्ट: दीड-दोन वर्षांच्या बाळाला मांडीवर घेऊन आईने किंवा बाबाने घसरणं. बाळाचा बूट कडेच्या पट्टीला घासतो किंवा पाय वळून अडकतो. बाळ एकटं असतं तर तिथेच थांबलं असतं. पण मागे साठ-सत्तर किलोचं शरीर वेगात असतं, ते थांबत नाही आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. हाडांच्या डॉक्टरांना ही दुखापत चांगली ओळखीची आहे. बाळाला घसरायचंच असेल तर छोट्या घसरगुंडीच्या निम्म्या उंचीवर बाजूने बसवा, दोन्ही काखांत हात धरून चालत खाली आणा. तेही नको वाटत असेल तर नुसतं वाळूत बसवा, बाळाची काही तक्रार नसते.

घसरगुंडीचं शेवटचं टोक मुलाच्या गुडघ्याखाली असायला हवं. मुलं रोज पाय आपटून त्याखाली खड्डा पाडतात, म्हणजे बसवताना फूटभर असलेलं टोक दोन वर्षांत दीड फुटावर जातं. खड्डा वाळूने भरा. मोठ्या माणसाने उभं राहायची जागा शिडीशी आहे, खाली फोटो काढत नाही. खालून मूल बहुधा आपसूक उठतं, वरून ढकलाढकली होते. उलटं चढणाऱ्यांना हटकायचं कामही तिथूनच करता येतं. मुलाच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र असेल तर प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर बसण्याआधी बाहेरचं यंत्र काढून ठेवा. घर्षणाने तयार होणाऱ्या स्थिर विजेमुळे त्यातलं सेटिंग बिघडू शकतं.

झोपाळा आणि बाकीची मंडळी

झोपाळ्याकडे जाताना आधी वर बघायचं. साखळी जिथे आडव्या नळीला टांगलेली असते तिथला इंग्रजी एस आकाराचा हुक वापराने उघडत जातो. त्याच्या तोंडाशी मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, म्हणजे नाणं सहज सरकेल एवढी, तर त्यावर बसायचं नाही. कडी झिजून निम्मी झाली असेल तरी नाही. करकर आवाज मात्र घाबरण्यासारखा नसतो, नुसतं तेल संपलेलं असतं.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलापेक्षा झोपाळ्यासमोरून धावत जाणारं मूल जास्त जोखमीत असतं. आडवी नळी जितक्या उंचीवर, त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तितकंच मागे मोकळं हवं. नळी सव्वादोन मीटरवर असेल तर साडेचार मीटर. आपल्या बागांत एवढी जागा क्वचितच सोडलेली असते, म्हणून चपलांची एक ओळ मांडून हद्द आखून द्या. मुलं खडूच्या रेषेला जुमानत नाहीत, चपलांच्या ओळीला जुमानतात. स्वतःची चप्पल तुडवली जाईल ही भीती असते.

चार वर्षांखालच्या मुलाला बादलीसारखी बंद बैठकच लागते. सपाट फळीवर ‘घट्ट धर हं’ म्हणून बसवलेलं मूल हात दुखले की सरळ सोडून देतं. लहानाला समोरून झोका द्या, चेहरा दिसत राहतो. मोठ्याला मागून, फळीच्या कडेला धरून. पाठीत ढकललं तर ते पुढे कलतं. स्वतःचा झोका स्वतः घ्यायला साधारण पाच-सहाव्या वर्षी जमतं: पुढे जाताना पाय लांब आणि अंग मागे, मागे येताना पाय दुमडून अंग पुढे. ‘पाय लांब, पाय आत’ असं तालात म्हणत राहिलं की बहुतेकांना एका सकाळी जमून जातं. वीस झोके झाले की उतरायचं हा नियम पहिल्या भांडणाआधी सांगावा. आकडे मोठ्याने रांगेतल्या मुलाने मोजायचे, म्हणजे कोणी अठरानंतर पुन्हा बाराला येत नाही.

सीसॉवर वजन जुळत नाही म्हणून रडारड होते, त्याला उपाय सोपा आहे. ३० किलोची ताई मध्यापासून एक मीटरवर बसली आणि २० किलोचा भाऊ दीड मीटरवर, तर फळी समतोल होते. जड मुलाला पुढे सरकवायचं. खरी गडबड उतरताना होते. एकाने पाय टेकताच टुणकन उडी मारली की दुसरा दाणकन खाली येतो, आणि त्याचे पाय फळीखाली असतील तर घोटा जातो. ‘उतरतो’ असं म्हणून समोरच्याने ‘हो’ म्हटल्यावरच उतरायचं. फळीखाली अर्धं टायर पुरलेलं असेल तर ती बाग कोणी तरी विचार करून बांधली आहे.

गोल चक्रावर लहानांनी मध्ये, तोंड आत करून बसायचं. कडेला उभं राहून पाय खाली सोडायचे नाहीत. चक्र फिरवणारा मोठा दादाच असतो आणि त्याला थांब म्हणून काही उपयोग नसतो, म्हणून फिरवायला आपणच उभं राहावं.

चढायच्या खेळण्यांना, म्हणजे मंकी बार, जाळी, कमानीची शिडी यांना, एकच नियम लावा: मुलाला उचलून वर ठेवायचं नाही. जे मूल आपल्या बळावर चढतं ते बहुधा आपल्या बळावर उतरतं. हात पुरत नाहीत म्हणून मामाने उचलून दांड्याला लटकवलेलं मूल दहा सेकंदांत दमतं, पडतं आणि पडताना हात पुढे टेकतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांचं कोपराच्या वरचं हाड मोडायची ही अगदी ठरलेली पद्धत आहे. कठड्याच्या गजांमधली फटही बघा. ९ ते २३ सेंटीमीटरची फट वाईट: अंग आत जातं, डोकं अडकतं. मुलं आधी पाय घालतात, म्हणून अडकल्यावर लटकतात.

ज्या खेळण्यावर कोणाचं लक्ष नसतं

गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक बागेत ओपन जिम आलं आहे, आणि ते बहुतेक वेळा मुलांच्या कोपऱ्याला लागूनच असतं. आजी-आजोबा कंबर फिरवत असतात, शेजारी नातवंडं त्या हवेत चालायच्या यंत्रावर दोघं-दोघं लोंबकळत असतात. ही यंत्रं मोठ्यांच्या मापाची आहेत. चालायच्या यंत्राचे दोन लोखंडी पाय पुढे-मागे जातात तेव्हा त्यांची पावलं शेजारी उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या मुलाच्या हनुवटीच्या उंचीला येतात. छातीच्या व्यायामाच्या यंत्रात बैठक वर जाते तेव्हा मागच्या सांध्यात फट उघडते आणि खाली येताना मिटते. बोट तिथेच घातलं जातं, कारण तिथे काळं ग्रीस असतं आणि ते मुलांना खुणावतं. खेळाच्या कोपऱ्यात शिरताना हे यंत्र कुठल्या दिशेला आहे ते बघून आपली चटई त्या आणि मुलांच्या मध्ये टाका. मोठी माणसं वाटेत बसली की लहानगी त्या बाजूला कमी जातात.

लक्ष ठेवायचं काम वाटून घ्यावं लागतं. आते-मामे भावंडं मिळून सात-आठ मुलं आणि पाच मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आजोबांना बाकावर बसवून ‘सगळ्यांकडे लक्ष ठेवा’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक ठरलेलं माणूस, एक माणूस फाटकाच्या बाजूला, आणि बाकीच्या मुलांना खेळणीवार वाटून घ्या: घसरगुंडी तुझी, झोपाळा माझा. ज्याला फोन घ्यायचा असेल त्याने तोंडाने सांगून जागा सोडायची. सगळ्या मुलांना एकाच भडक रंगाचे टी-शर्ट घातले की गर्दीत मोजता येतात. फोन नंबर बॉलपेनने हाताच्या आतल्या बाजूला लिहा, कागदाची चिठ्ठी खिशातून पडते. हरवलास तर कुठे उभं राहायचं हे आल्या आल्या दाखवा, आणि ती जागा फाटक नको, कारण तिथून मूल बाहेर जातं. पाण्याची टाकी किंवा कारंजं बरं.

कपड्यांत गळ्याशी दोरी, ओढणी, लांब स्कार्फ नको. पैंजण, करगोट्याची सैल टोकं, गळ्यातली साखळी घरीच ठेवा. अंगठीही. बोल्टमध्ये अंगठी अडकून मूल उडी मारतं तेव्हा बोटाची साल निघते. सायकलने आलेल्या मुलाचं हेल्मेट खेळण्यांवर चढण्याआधी काढायचं, कारण फटीत डोकं मोठं होतं आणि पट्टा गळ्याला बसतो. पायांत मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट. सपाता शिडीवर निसटतात.

पाणी आणि डबा

पाच ते आठ वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी अर्धा पेला पाणी, तहान लागो न लागो. दोन-अडीच तासांसाठी माणशी एक लिटर धरा. रात्री बाटली एक तृतीयांश भरून आडवी फ्रीजरमध्ये ठेवली की एका बाजूला बर्फाची लांब पट्टी तयार होते. सकाळी वरून साधं पाणी भरायचं, नऊपर्यंत गार राहतं. उभी ठेवलेल्या बाटलीत खाली गोळा होतो आणि वरचं पाणी कोमटच.

पन्हं न्यायचं तर गर न्या, तयार पन्हं नको. अर्धा किलो कैऱ्या उकडून गर काढायचा, जेवढा गर तेवढा किंवा सव्वापट गूळ, पाव चमचा मीठ, वेलदोडा. एक वाटी गराला चार वाट्या गार पाणी तिथे मिसळायचं. कोणाला उलटी-जुलाब झालेच तर पन्हं औषधाचं काम करत नाही. ओआरएसची पुडी पिशवीत असू द्या, नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये.

डब्यात दशम्या, धपाटे, गूळ-तूप पोळीचे रोल, शेंगदाण्याची चटणी. ओल्या नारळाची चटणी, कापलेलं कलिंगड आणि मेयोनीज घातलेली सँडविचं मे महिन्यात दोन तासांत संशयास्पद होतात. भेळ हवीच असेल तर चौघांना २०० ग्रॅम चुरमुरे आणि १५० ग्रॅम फरसाण एका पिशवीत, दोन कांदे आणि एक छोटी कैरी चिरून डब्यात, चिंच-खजुराची चटणी छोट्या बाटलीत, आणि कालवायला एक मोठं पातेलं. कालवली की पाच मिनिटांत संपवायची, म्हणून निम्मी-निम्मी दोनदा कालवावी. सारसबागेशेजारी चौपाटी असली तरी सकाळी सातला तिथे काय मिळणार! काही बागांत आत खायला मनाई असते, तर डबा बाहेरच्या सावलीत. बर्फाच्या गोळ्याबाबत आमचं मत स्पष्ट आहे: बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नसेल तर गोळा घरी करावा, पिशवीत बर्फ आणि वरून लाटणं.

लागलं तर

खरचटलं तर नळाच्या पाण्याने माती निघेपर्यंत धुवायचं, हळद लावायची नाही. डॉक्टरांना जखम दिसेनाशी होते. कपाळावर टेंगूळ आलं तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. डोकं आपटल्यावर शुद्ध गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, मूल पेंगायला लागलं किंवा नाका-कानातून पाणी आलं तर थेट रुग्णालय.

कोपर सुजलं आणि हात वाकडा दिसत असेल तर तो सरळ करून बघायचा नाही. जसा आहे तसा, गुंडाळी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन ओढणीने अंगाशी बांधा. बोटं गार, पांढरी पडली असतील तर अजिबात वेळ घालवू नका. आणि मूल कितीही रडलं तरी त्याला चॉकलेट, पाणी काही द्यायचं नाही. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

सात-आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट पडला तर तो वाचवता येतो, पण घड्याळ लगेच सुरू होतं. दात वरच्या पांढऱ्या भागाने उचलायचा, मुळाला हात नाही. घासायचा नाही. नुसता खंगाळून थंड दुधात टाकायचा आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठायचा. दुधाची पिशवी कुठल्याही टपरीवर मिळते. दुधाचा दात असेल तर पुन्हा बसवायचा नसतो.

अंग तापलंय, मूल बडबडतंय किंवा गप्प पडलंय, घाम थांबलाय, तर तो उष्माघात समजा. सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा आणि रुग्णालय.

जाताना मोडकं खेळणं दिसलं तर सांगून जा. बागेचं नाव, कुठलं खेळणं, काय तुटलंय, तारीख आणि जवळून एक फोटो एवढं पुरतं. तक्रारीसाठी पुण्यात महापालिकेचं पीएमसी केअर ॲप आहे, मुंबईत महापालिकेचा १९१६ हा फोन नंबर. ‘बागेची दुरवस्था’ असं लिहिलेल्या तक्रारीवर काही होत नाही, ‘फाटकाकडून दुसऱ्या झोपाळ्याचा उजवा हुक उघडला आहे’ यावर माणूस येतो. तोवर साखळी दोन-तीन वेळा वरच्या नळीभोवती फिरवून बैठक हाताच्या बाहेर उंच करून ठेवा आणि का केलं ते रखवालदाराला सांगा, नाही तर तो दुपारी पुन्हा खाली सोडेल.